‘ओझं’ या शब्दापाशी थांबवणारे दोन दिवस : नाशिकमधील एका कार्यशाळेचे परीक्षण

नाशिकच्या एका पतसंस्थेत वसुलीचे काम मी १९ वर्षे करतो आहे. आत्महत्येमागचे मानसशास्त्र समजावून सांगणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत वसुली अधिकाऱ्याचे काय काम, असे नावनोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने हसत विचारले, आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे द्राक्ष आणि कांदा उत्पादक आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार हे आमचे मुख्य कर्जदार आहेत. डॉक्टर, समुपदेशक किंवा पोलीस यांच्या कितीतरी आधी, आणि बहुतेक वेळा त्यांच्याऐवजी, त्यांच्या उंबरठ्यावर आम्ही उभे असतो. गंगापूर रस्त्यावरील एका सभागृहात एका खाजगी समुपदेशन केंद्राने ही कार्यशाळा घेतली. शुल्क १,८०० रुपये होते आणि त्यात दोन वेळचे जेवण, चहा, एक छापील पुस्तिका आणि प्रमाणपत्र एवढे मिळाले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

आम्ही २८ जण होतो. बहुतेक शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक होते, त्यांच्याखेरीज दोन आशा कार्यकर्त्या, एक पोलीस पाटील आणि अशोक स्तंभाजवळ अभ्यासिका चालवणारे एक गृहस्थ होते. मुख्य मार्गदर्शक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणत होते, तेव्हा येथेही तसेच म्हणतो.

पहिल्या दिवसाची सकाळ मला निराश करून गेली. साडेनऊला सुरू झालेले पहिले सत्र दीड तास केवळ इतिहासावर चालले. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलेले चार प्रकार फळ्यावर लिहिले गेले आणि आम्ही ते शाळेतल्यासारखे उतरवून घेतले. समाजापासून तुटल्यामुळे, समाजात अतिरेकी विरघळून गेल्यामुळे, समाजाचे नियमच ढासळल्यामुळे आणि नियमांच्या जाचामुळे, असे ते प्रकार आहेत. वास्तविक दुर्खीम यांचे एक निरीक्षण नाशिककरांसाठी फार मोलाचे आहे. आर्थिक संकटाप्रमाणेच अचानक आलेली भरभराटही माणसाच्या अपेक्षांचा लगाम सोडवते आणि त्यातूनही आत्महत्या वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. वळण रस्त्यालगतच्या जमिनीचे पैसे आल्यानंतर ज्या घरांची घडी विस्कटली, ती घरे मला ठाऊक आहेत. तेथे दहा मिनिटे थांबता आले असते, पण पडद्यावरची पाटी सरकली आणि फ्रॉइड आले. दुसऱ्यावरचा राग माणूस स्वतःवरच उलटवतो, ही त्यांनी १९१७ मध्ये मांडलेली कल्पना आली आणि तशीच निघूनही गेली. हे सारे अर्ध्या तासात आटोपायला हवे होते.

चहानंतर मात्र सत्राचा सूर पूर्णपणे बदलला. एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या शवचिकित्सा कार्यालयात, मृत्यूपूर्वी लोकांनी लिहून ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्यांचा साठा सापडला आणि पुढचे सगळे आयुष्य त्यांनी या एकाच प्रश्नाला दिले, इथपासून मॅडमनी सुरुवात केली. १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी त्याच शहरात आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभे केले. माणसाला मरण हवे असते असे नाही, त्याला असह्य झालेली मानसिक वेदना थांबायला हवी असते, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. या वेदनेसाठी १९९३ मध्ये त्यांनी एक नवा इंग्रजी शब्दच घडवला. पुस्तिकेत त्याचे भाषांतर ‘मनोवेदना’ असे केलेले आहे. मॅडमनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि विचारले, “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” एका आशाताईंनी सांगितले, “जिवाची तगमग.” मागून कोणीतरी “जिवाची काहिली” म्हणाले. मॅडमनी ‘मनोवेदना’ खोडून ‘तगमग’ लिहिले, आणि शुल्काची वसुली, आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर, तेथून सुरू झाली.

पुढचे दोन तास एक एक सिद्धांत घ्यायचा आणि तो आपल्याकडच्या बोलण्यात कोणत्या वाक्याने ऐकू येतो ते शोधायचे, एवढाच उद्योग चालला. ॲरन बेक यांनी नैराश्यापेक्षाही हताशपणा अधिक धोक्याचा मानला. आत्महत्येचे विचार असलेल्या २०७ रुग्णांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच ते दहा वर्षे पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. दुःख किती आहे यापेक्षा ‘पुढे काही बरे होणारच नाही’ ही खात्री किती पक्की आहे, यावरून पुढील धोका अधिक चांगला ओळखता आला. आपल्याकडे हे ‘पुढचं काही दिसतच नाही’ या शब्दांत येते. अपयशानंतर स्वतःविषयीची जाणीवच इतकी बोचू लागते की माणसाला स्वतःपासूनच पळावेसे वाटते, असे रॉय बाउमाइस्टर यांनी १९९० मध्ये मांडले. त्याचे मराठी रूप अभ्यासिकावाल्या गृहस्थांनी क्षणात दिले : ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही.’ मार्क विल्यम्स यांनी हरल्याची आणि त्यातून सुटकाच नसल्याची जी भावना वर्णिली, ती म्हणजे सरळ आपली ‘कोंडी’. श्नाइडमन ज्या संकुचित झालेल्या विचाराविषयी बोलत, ज्यात सगळे पर्याय गळून एकच उरल्यासारखा वाटतो, त्याची खूण ‘आता एकच मार्ग’ या तीन शब्दांत आहे.

विल्यम्स यांच्या संशोधनातली आणखी एक गोष्ट मी वहीत दोनदा अधोरेखित केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींना भूतकाळातला एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितले, तर त्या बऱ्याचदा ठोकळ काहीतरी सांगतात, हे त्यांनी १९८६ मध्ये दाखवले. नेमके काही आठवत नाही, म्हणून पूर्वी संकटातून कसे निघालो तेही हाताशी येत नाही. मी कर्जदाराला नेहमी विचारतो, “मागच्या गारपिटीनंतर कसे सावरलात?” कोणी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल सांगतो, कोणी बायकोचे दागिने सांगतो, आणि कोणी नुसतेच म्हणतो, “आमचं नेहमी असंच.” या शेवटच्या उत्तराला मी इतकी वर्षे टाळाटाळ समजत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थॉमस जॉइनर यांचा सिद्धांत आला. संपूर्ण कार्यशाळेतले हे सर्वोत्तम सत्र होते. जॉइनर यांनी २००५ मध्ये असे मांडले की आत्महत्येची इच्छा दोन भावना एकत्र आल्या की तीव्र होते : आपण कोणाचेच नाही, आणि आपण सगळ्यांवर ओझे झालो आहोत. इच्छा असली तरी माणसाचा देह जगण्याला चिकटून असतो. ती भीती मोडणारी क्षमता वेगळी असते आणि ती वेदनेच्या व भीतीच्या वारंवार अनुभवातून हळूहळू तयार होते. म्हणूनच विचार येणारे पुष्कळ असतात आणि प्रयत्न करणारे त्या मानाने फार थोडे. पुस्तिकेत या तीन गोष्टींना ‘विफल आपलेपणा’, ‘संवेदित भारस्वरूपता’ आणि ‘अर्जित क्षमता’ अशी नावे दिली आहेत. ‘संवेदित भारस्वरूपता’ हा शब्द ज्याने घडवला त्याने तो एकदा तरी मोठ्याने उच्चारून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

मॅडमनी आम्हाला ‘ओझं’ या एकाच शब्दावर पाऊण तास बसवले. ‘मी नसलो तर तुम्ही तरी सुटाल’, ‘माझ्यामागे पोरांना त्रास नको’, ‘तुमच्या डोक्याचा ताप कमी होईल एकदाचा’ या वाक्यांमध्ये त्याग, प्रेम आणि चुकीचा हिशोब एकत्र मिसळलेले असतात. ‘ओझे झालो आहोत’ ही समजूत असते, वस्तुस्थिती नव्हे, आणि घरच्यांना विचारल्यास ते कधीही तसे म्हणणार नाहीत, हे जॉइनर यांच्या मांडणीतले महत्त्वाचे पद आहे. म्हाताऱ्या माणसाने ‘देवाने उचलावं आता’ म्हणणे आणि कर्त्या माणसाने असे वाक्य बोलणे यांतला फरक कसा करायचा, असे पोलीस पाटलांनी विचारले. फरक गृहीत धरू नका, दोघांनाही विचारा, असे त्यांना उत्तर मिळाले.

‘माझ्यामागे पोरांना त्रास नको’ हे वाक्य मी दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या ओसरीवर शब्दशः ऐकले होते. त्याचा माल घेऊन व्यापारी पैसे न देता पसार झाला होता, तीन हप्ते थकले होते आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्याची फाईल माझ्या पिशवीत होती. जामीनदाराच्या दारात आम्ही जाऊ नये म्हणून तो असे बोलतो आहे, असा अर्थ मी काढला आणि जामीनदारालाही नोटीस पाठवली. जॉइनर यांच्या भाषेत सांगायचे, तर त्याचा एक उरलेला आधार, म्हणजे ज्या मेहुण्याने त्याच्यासाठी सही केली होती त्याच्याशी असलेले नाते, मी माझ्या हाताने कापले होते.

त्यानंतरच्या सत्रात मॅडमनी वर्तमानपत्रातला ठरलेला मथळा फळ्यावर लिहिला : ‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात झाल्या. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा ४.१ टक्के आहे. हा शेवटचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. माझ्याशेजारी बसलेल्या दुसऱ्या पतसंस्थेच्या सहकाऱ्याने तर तो आकडा उघडपणे मोठ्याने वाचून दाखवला.

मॅडमनी तो दिलासा टिकू दिला नाही. पोलिसांच्या नोंदीत एका मृत्यूला एक कारण लिहिले जाते, आणि रोरी ओकॉनर यांनी २०११ मध्ये मांडलेले प्रारूप नेमके त्याच्या उलट सांगते. त्यात आधी पार्श्वभूमी आणि प्रसंग येतात, मग हार आणि अपमान, मग कोंडी, मग विचार, आणि विचारापासून कृतीपर्यंत नेणारे घटक पुन्हा वेगळे. कर्ज हे एकट्याने कोणालाही मारत नाही हे खरे. पण गावासमोर झालेली मानहानी, मेहुण्याने तोडलेले बोलणे, सुटत चाललेली झोप आणि बायकोशी झालेले भांडण या सगळ्यांत कर्ज शिरलेले असते आणि नोंदवहीत ते ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात जाऊन बसते. आमच्या खात्यात दारासमोर मोठ्याने बोलणे हे ‘दबावतंत्र’ म्हणून शिकवले जाते. त्या तंत्राची जागा ओकॉनर यांच्या आकृतीत कोठे आहे ते मला कोणी बोटाने दाखवण्याची गरज नव्हती.

डेव्हिड क्लोन्स्की आणि ॲलेक्सिस मे यांचा २०१५ चा तीन पायऱ्यांचा सिद्धांत याच विचाराचे सुटसुटीत रूप आहे : वेदना आणि हताशा एकत्र आल्या की विचार येतो, वेदना जिव्हाळ्याच्या धाग्यांपेक्षा भारी झाली की तो तीव्र होतो आणि क्षमता असली की कृतीकडे वळतो. माझ्यासारख्या सामान्य माणसाने एकच सिद्धांत लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा, कारण तीन प्रश्न त्यातून आपोआप निघतात. पुस्तिकेत त्याला पाव पान मिळाले आहे, दुर्खीम यांना मात्र सहा पाने.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ‘धोक्याच्या ३२ खुणा’ या तक्त्याविषयी आहे. प्रत्येक खुणेला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि ती ठरावीक आकड्याच्या वर गेली तर ‘उच्च धोका’ समजायचे, असे त्यात सांगितले आहे. तक्ता वाटला त्याच दुपारी मॅडमनीच २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्याचा उल्लेख केला होता. त्यात गेल्या ५० वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि अशा घटकांवरून पुढचे भाकीत करणे जवळजवळ नाणेफेकीइतकेच कच्चे ठरते, असे दिसले. मग हा तक्ता का वाटला? मी विचारले, तेव्हा आयोजकांपैकी एकाने ‘लोकांना काहीतरी हातात हवे असते’ असे सांगितले. कमी गुण मिळाले म्हणून एखाद्या मुलाला ‘ठीक आहे’ समजून घरी पाठवणाऱ्या शिक्षकाच्या हातात हा कागद मला नको आहे.

दुसरी तक्रार जागेची आहे. श्नाइडमन यांच्या सत्रात एका शिक्षिकेला रडू आवरेना आणि त्या बाहेर गेल्या. बाहेर म्हणजे जिन्यात, जेथे जेवणाची ताटे मांडणे चालू होते. या विषयावर २८ माणसे एकत्र बसवताना त्यांतल्या काहींच्या घरात असे घडलेले असणारच. एक रिकामी खोली आणि तेथे बसणारे एक माणूस, एवढी सोय १,८०० रुपयांत व्हायला हवी होती. जेवण चांगले होते.

कायद्याच्या सत्राला पाऊण तासच मिळाला, पण ते नेमके झाले. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते आणि तो खटला मुंबई पोलीस दलातल्याच एका शिपायाचा होता, हे मला नवे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला आणि १९९६ मध्ये घटनापीठाने तो उलटवला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखे सरसकट कलम राहिले नाही. प्रश्नोत्तरांत माझ्या सहकाऱ्याने विचारले, “आमच्यावर ३०६ लागेल का?” सत्र घेणाऱ्या वकीलसाहेबांनी आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम आता १०८ आहे एवढी दुरुस्ती केली आणि म्हणाले, “प्रश्न उलटा विचारा. कोणी तुमच्यासमोर ‘मी नको’ म्हणाला तर तुम्ही काय कराल?” सभागृहात थोडी शांतता पसरली. वसुलीवाले आपल्या बचावासाठी आले आहेत हे एव्हाना सगळ्यांना कळले होते.

शेवटचे सत्र प्रत्यक्ष विचारण्याच्या सरावाचे होते आणि ते फारच अपुरे ठरले. थेट विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही विचारण्यामुळे असे विचार वाढल्याचे दिसले नाही, हे समजावून झाले. पण ‘मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ हे वाक्य तोंडातून बाहेर काढणे हीच खरी कसोटी आहे. जोडीने सराव करताना माझा आवाज दोनदा अडकला, तिसऱ्यांदा म्हणता आले आणि वेळ संपली. त्यानंतर बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांची सुरक्षा योजना, म्हणजे स्वतःच्या खुणा, मन दुसरीकडे वळवणाऱ्या गोष्टी, हाक मारायची माणसे आणि तज्ज्ञांचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत, घाईघाईने दाखवली गेली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत या योजनेला फोनवरच्या पाठपुराव्याची जोड दिली, तेव्हा सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असा २०१८ चा अभ्यास आहे. योजनेचा शेवटचा भाग घरातल्या धोकादायक वस्तू दूर करण्याचा असतो. श्रीलंकेत अतिविषारी शेती-रसायनांवर बंदी आल्यानंतर १९९५ ते २००५ या दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, हे ऐकून दोन्ही आशाताईंनी गावातल्या औषधांच्या खोल्यांना कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडे, अशी सूचना तेथेच लिहून घेतली. दुर्खीम यांचा एक तास येथे द्यायला हवा होता.

कार्यशाळेनंतर १५ दिवसांनी केंद्रातून फोन आला आणि शिकलेले कोठे वापरले का, अशी विचारणा झाली. ही पाठपुराव्याची सेवा जाहिरातीत नव्हती, आणि पूर्ण गुण मी तिलाच देईन. तोपर्यंत मी दिंडोरीला जाऊन आलो होतो. तो बागायतदार खरड छाटणीत होता. बांधावर बसून मी ते सरावातले वाक्य विचारले. तो आधी हसला, मग म्हणाला, “येतात, साहेब. छाटणीत नाही येत, तेव्हा वेळ कुठं असतो? रात्री येतात.” पुढे काय बोलायचे ते मला सुचेना, तेव्हा मी कागद काढला आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, असे सांगितले. “मराठीत बोलतात का?” एवढेच त्याने विचारले. बोलतात, म्हणालो. मग आम्ही दोघे मेहुण्याकडे गेलो. मेहुणा माझ्याशी बोलला नाही, पण त्याने दोघांनाही चहा दिला.

पुढच्या तुकडीसाठी मी आमच्या दोन वसुली कर्मचाऱ्यांची नावे सुचवली आहेत. सकाळचे पहिले सत्र चुकले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी दहाला जागेवर असा, आणि ३२ खुणांचा तक्ता पिशवीत घालू नका, असे त्यांना सांगून ठेवले आहे. त्यांचे शुल्क संस्थेने भरावे की त्यांनी, यावर संचालक मंडळात अजून एकमत झालेले नाही.